डग्गा वाजला की गायक का दबतो?

प्रश्न : आमच्या मंडळाची भक्तिगीतं मी घरीच कॉम्प्युटरवर मिक्स करतो. सगळं एकसंध वाटावं म्हणून शेवटी पूर्ण मिक्सवर कॉम्प्रेसर लावला, तर डग्ग्याच्या दर ठोक्याला गायकाचा आवाज आत जातो. मित्राच्या सांगण्यावरून कॉम्प्रेसरच्या आधी ईक्यूने खालचा भाग कमी केला आणि त्रास बराच आटोक्यात आला. पण ईक्यूने फक्त आवाजाचा पोत बदलतो ना? मग चढउतारावर परिणाम कसा झाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ईक्यू हळू आणि मोठा असा भेद करत नाही. १०० हर्ट्झच्या आसपास ६ डेसिबल कमी केलेत, तर तिथला हलका ठोकाही तेवढाच उतरतो आणि जोरकसही. कॉम्प्रेसर मात्र पातळी पाहून वागतो. थ्रेशोल्डच्या वर गेलेलं तेवढं तो दाबतो.

तुमच्याच मिक्सचा हिशेब मांडू. समजा, थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल आणि रेशो ४ : १ आहे. डग्ग्याचा ठोका उणे ८ पर्यंत गेला, म्हणजे मर्यादेच्या १२ डेसिबल वर. कॉम्प्रेसर त्यातले ३ ठेवतो, ९ काढतो. पण हे ९ एकट्या डग्ग्याचे जात नाहीत. त्या क्षणी वाजणारं सगळंच तेवढं खाली येतं, गायकसुद्धा. रिलीज संथ असेल तर त्याला वर यायलाही वेळ लागतो. ईक्यूने हाच ठोका उणे १४ वर आणला, तर कपात साडेचार डेसिबलवर येते. म्हणजे ईक्यूने कॉम्प्रेसरला मिळणारी चिथावणी कमी केली.

मात्र त्यात डग्ग्याचा घुमारा गेला असेल, तर साइडचेन फिल्टर वापरून पाहा. त्यात खालचा भाग फक्त कॉम्प्रेसरच्या ‘कानाआड’ होतो, ऐकणाऱ्याला तो पूर्ण मिळतो. त्याहून बरं म्हणजे गायक आणि तबला वेगळ्या ट्रॅकवर असतील तर आधी तिथेच आवरा. गायकाच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसरच्या आधी ८० हर्ट्झच्या आसपास लो-कट लावला, की ‘प’, ‘भ’ उच्चारताना माइकवर आदळणारी हवाही पुष्कळशी निघून जाते. मग पूर्ण मिक्सवर २ : १ रेशो आणि दोन-तीन डेसिबलची कपात पुरते.

थोडक्यात, नको ते काढणारा ईक्यू कॉम्प्रेसरच्या आधी, रंग भरणारा नंतर. नंतर झळाळी वाढवलीत तर मीटर पुन्हा पाहा. ‘स’, ‘श’ टोचायला लागतात आणि शिखरं परत चढतात. कॉम्प्रेशननंतर एकूण पातळी उचललीत, तर पंख्याची घरघर आणि श्वासही वर येतात, तेही तपासा.

शेवटी एक पथ्य पाळा. कॉम्प्रेसर चालू-बंद करून तुलना करताना दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवा. जास्त मोठं ते कानाला नेहमीच जास्त चांगलं वाटतं.