जुन्या संगणकाचे नवे काम

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाच्या गाड्यांची रीघ लागते आणि घरोघरच्या माणसांच्या वेळा एकमेकींशी जुळेनाशा होतात. कोणी रात्रपाळीस जातो, कोणी पहाटे शेताला पाणी पाजावयास निघतो. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मात्र कोणासाठी थांबत नाही.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांचे यजमान नामांकित ढोलकीवाले होते. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांनी एका संचाबरोबर जाऊन आजोबांनी तेथे साथ केली. परंतु त्या काळी मुंबईचे प्रक्षेपण आमच्या गावापर्यंत पोहोचत नसे. त्यामुळे आजींनी तो कार्यक्रम कधीच पाहिला नाही. पुढे आजोबा वारले. गेल्या वर्षी थंडीत आजींचा नातू धावत आला व म्हणाला, "गुरुजी, आजोबांचा तो जुना कार्यक्रम शनिवारी रात्री साडेअकराला पुन्हा दाखविणार आहेत!" नेमकी त्याच आठवड्यात कोल्हापुरास आजींच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती.

पुन्हा केव्हा तरी दाखवितील, असे म्हणून स्वस्थ बसणे मला धोक्याचे वाटले. पूर्वी चुंबकीय फीत महाग असे. म्हणून जुने चित्रण पुसून तिच्यावर नवे करण्याची रीत अनेक देशांत होती. मनुष्याने १९६९ मध्ये चंद्रावर पाऊल ठेवले, त्या प्रसंगाच्या मूळ फितीही अशाच पुसल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००९ मध्ये काढला. जगाचे एवढे मोठे चित्रण जेथे राहिले नाही, तेथे आमच्या ढोलकीवाल्याची काय कथा? याउलट, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ घरच्या घरी दूरचित्रवाणीचे मुद्रण केले. २०१२ मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांच्या संग्रहात सुमारे ७० हजार फिती होत्या.

माझ्याकडे माळ्यावर टाकलेला एक जुना संगणक होता. तो इतका मंद झाला होता, की पत्र लिहावयास घेतले तरी कंटाळा यावा. पण मुद्रणाचे काम त्याला झेपण्यासारखे होते. नातवाने त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसविली आणि मिथटीव्ही हा मुद्रणाचा कार्यक्रम घातला. तोही मोफतच मिळतो. विकत घ्यावे लागले ते एक कार्ड. सेट टॉप बॉक्समधून निघालेल्या पिवळ्या, पांढऱ्या व लाल टोकांच्या तारा या कार्डाला जोडावयाच्या. पिवळ्या तारेतून चित्र येते, उरलेल्या दोहोंतून आवाज. कार्ड त्यांचे आकड्यांत रूपांतर करते आणि संगणक ते आकडे हार्ड डिस्कवर उतरवून घेतो.

हे आकडे किती असतात, याचा हिशेब तुम्हीही करून पाहा. एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. सेकंदाला अशी २५ चित्रे. गुणाकार केला, तर दर सेकंदास एक कोटीहून अधिक ठिपके होतात. प्रत्येकास दोन बाइट जागा धरली, तर एका तासाला सुमारे ७५ गिगाबाइट लागतील. आमची डिस्क १६० गिगाबाइटची. म्हणजे दोन तासांत ती भरावयाची! मग हे साधते कसे? कीर्तनकार देवळाच्या भिंतीपुढे उभा आहे, असे समजा. त्याचे हात हलतात, मुख हलते. भिंत मात्र जागची हलत नाही. मग दर चित्रात तीच भिंत पुन्हा का लिहावी? कार्ड थोड्या थोड्या वेळाने एक चित्र पूर्ण लिहिते आणि मधल्या चित्रांत जे बदलले तेवढेच नोंदविते. या युक्तीने एक तास दोन गिगाबाइटांत मावतो. फितीला न जमणारी आणखी एक गोष्ट डिस्कला जमते. एका जागी लिहिणे चालू असतानाच दुसऱ्या जागचे वाचून दाखविता येते. म्हणजे उशिरा घरी आलेला मनुष्य चालू असलेला कार्यक्रम आरंभापासून पाहू शकतो.

जुना संगणक वीज अधिक खातो, हे कबूल केले पाहिजे. शिवाय हल्ली काही सेट टॉप बॉक्सना पेनड्राइव्ह लावूनही मुद्रण करता येते. पण घरात पडलेली वस्तू कामास लावण्याचा आनंद निराळा! मात्र संगणक उघडावयाचा तो वीज तोडून आणि मोठ्या माणसांच्या देखत. त्यातील वीजपुरवठ्याची बंद पेटी तर कधीच उघडू नये. वीज तोडल्यावरही तिच्यात काही काळ विद्युत्‌भार शिल्लक असतो. तसेच मुद्रण घरी पाहण्यापुरतेच ठेवावे. त्याच्या प्रती वाटू नयेत, कारण कार्यक्रमावर हक्क दुसऱ्याचा असतो.

शनिवारी रात्री मी व नातू जागत बसलो. ठरल्या वेळी संगणक आपोआप मुद्रण करू लागला. बारा वाजण्यास दहा मिनिटे होती आणि वीज गेली! नातू रडकुंडीस आला. अकरा मिनिटांनी वीज आली. वीज येताच आपण होऊन सुरू होण्याची सूचना संगणकास आधीच देऊन ठेवली होती. त्याप्रमाणे तो जागा झाला आणि उरलेला भाग उतरवू लागला.

आजी आठवड्याने परतल्या. डोळ्यांवर काळा चष्मा होता. मुद्रणाचे दोन तुकडे झाले होते. पहिल्यात आजोबा दिसतच नव्हते. दुसऱ्यात गायिकेच्या मागे, एका बाजूने, त्यांचा खांदा आणि अर्धा चेहरा दिसत होता. ढोलकी मात्र स्पष्ट ऐकू येत होती. आजी संचाच्या अगदी जवळ जाऊन बसल्या.

"एवढेच सापडले, आजी," मी म्हणालो.

त्यांनी मान वळविली नाही. "गुरुजी, तेवढं पुन्हा एकदा लावा," त्या म्हणाल्या.