‘शार्लट्स वेब’ : भांगेच्या कुळातील एक संकरित वाण आणि अपस्माराचे बालरुग्ण

बालरुग्ण विभागात येणारे पालक अलीकडे एक प्रश्न आवर्जून विचारतात : “परदेशात गांजाच्या तेलाने मुलांच्या आकड्या थांबतात म्हणे, ते आपल्याकडे मिळेल का?” प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर; वैद्यकाचा अधिकार त्यास नाही. तथापि आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि त्यावर जो हिशेब मांडला, तो देणगीदार व रुग्णांच्या नातेवाइकांपुढे ठेवणे कर्तव्य वाटते.

या प्रश्नाचे मूळ अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आहे. तेथील स्टॅन्ली बंधूंनी गांजाचे वाण आणि धाग्यासाठी लावले जाणारे हेम्प यांचा संकर करून एक वाण सिद्ध केले. त्यात नशा आणणारे टीएचसी नाममात्र असल्याने शौकिनांना ते निरुपयोगी होते. ‘हिप्पीचा हिरमोड’ अशा अर्थाचे नावही त्यास होते म्हणतात. शार्लट नावाच्या मुलीला ड्राव्हे सिंड्रोम हा अपस्माराचा अतिशय कठीण प्रकार होता. आठवड्यास सुमारे ३०० झटके येत. २०१२ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, तिला या वाणाचे तेल सुरू झाले आणि झटके महिन्याला दोन-तीनवर आल्याचे २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवर जगाने पाहिले. वाणास तिचेच नाव मिळाले. ती एप्रिल २०२० मध्ये, तेराव्या वर्षी निवर्तली.

संकराने नेमके काय साधले? झाडाच्या मादी फुलांवरील चिकट ग्रंथींत एकाच मूळ द्रव्यापासून टीएचसी व सीबीडी ही दोन्ही द्रव्ये तयार होतात. कच्चा माल एक आणि कारखाने दोन, असे समजावे. हेम्पच्या बाजूने आलेला सीबीडीचा कारखाना बळकट झाला की दुसऱ्यास माल उरत नाही. गंधाचा मात्र या दोघांशी संबंध नाही. तो टर्पीन नामक उडनशील द्रव्यांचा : मायर्सीन गवती चहात व आंब्याच्या अनेक जातींतही असते, पायनीनला देवदाराचा वास, लिमोनीनला लिंबाच्या सालीचा. तेव्हा “वास उग्र, म्हणजे औषध जालीम” हा समज सोडून द्यावा.

एका मुलीचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आला २०१७ मध्ये. ड्राव्हे सिंड्रोमच्या १२० रुग्णांवरील चाचणीत शुद्ध सीबीडी घेणाऱ्यांचे झटक्यांचे मध्यमान महिन्याला १२.४ वरून ५.९ वर आले. नुसते द्रावण घेणाऱ्यांचे १४.९ वरून १४.१ वर. जून २०१८ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. परंतु त्या मुलांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या, हे कोणी सांगत नाही. शिवाय गुंगी, जुलाब, भूक मंदावणे हे त्रास आहेतच. व्हॅल्प्रोएट चालू असता यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात, क्लोबाझामबरोबर गुंगी वाढते.

आता हिशेब. त्या चाचणीतील मात्रा दर किलो वजनास रोज २० मिलिग्रॅम होती. १५ किलोच्या मुलास रोज ३०० मिलिग्रॅम. समजा बाटलीवर एकूण ६०० मिलिग्रॅम लिहिले आहे. ती दोन दिवसांत संपेल. आणि लिहिलेले खरे कशावरून? अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेली ८४ उत्पादने तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : केवळ २६ मध्ये लेबलाप्रमाणे सीबीडी होते, तर १८ मध्ये टीएचसी आढळले. आमच्या धंद्यातील भाषेत, साठा आणि वही जुळत नव्हती.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस निषिद्ध आहेत. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. बियांच्या तेलास २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून परवानगी मिळाली. ते पौष्टिक असेल. पण त्यात सीबीडी जवळपास नसते.

हे सारे लिहिण्यास कारण घडले. एका वडिलांनी माझ्या टेबलावर बाटली ठेवली. वर पंचखंडी पानाचे ठळक चित्र, खाली बारीक अक्षरांत ‘बियांचे तेल’. किंमत मुलाच्या दोन महिन्यांच्या गोळ्यांइतकी. ती भागविण्यासाठी त्यांनी गोळ्याच बंद केल्या होत्या आणि मूल न थांबणाऱ्या आकडीत अतिदक्षता विभागात होते. सहा दिवसांनी ते घरी गेले. वडिलांना दोष देण्याचे धैर्य मला झाले नाही. गोळ्यांसाठी मदत मिळते, हे त्यांना आम्हीच कधी सांगितले नव्हते.

त्यानंतर विश्वस्त मंडळाने अपस्माराच्या नियमित गोळ्यांचा खर्च रुग्ण साहाय्य निधीत समाविष्ट केला आहे. अर्ज समाजसेवा कक्षात, केसपेपरसह करावा. कोणतेही तेल चालू असल्यास बाटली डॉक्टरांस दाखवावी. कोणी रागावणार नाही. गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये.