तिसऱ्या दिवशी थांबवलेल्या गोळ्या

आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. इथली सकाळ हातोड्यांच्या आवाजानं उजाडते. पौषातल्या एका सकाळी माझा 9 वर्षांचा मुलगा रडतच उठला. थुंकीही गिळवेना. अंग तापलेलं, जबड्याखाली गाठी, हात लावू देईना. शेजारच्या आजी म्हणाल्या, पडजीभ उचलून घे. ते मी केलं नाही, सरळ दवाखान्यात नेलं. टॉन्सिलवर पांढरे ठिपके होते. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या जातीचं औषध 10 दिवस दिलं, तापासाठी पॅरासिटामॉल.

तिसऱ्या दिवशी पोरगा ओट्यावर खेळायला लागला. "ताप उतरी गया ना, आते कसानी चिंता?" सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. एवढं कडक औषध लेकराला कशाला, म्हणून उरलेल्या गोळ्या मी डब्यात टाकल्या.

3 आठवड्यांनी त्याचा गुडघा सुजला. तो ओसरतो तोच घोटा, मग मनगट. मुरगळलं असेल म्हणून मी तेल चोळत बसले. जिना चढताना त्याला धाप लागली तेव्हा कुठे धुळ्याला धावलो. रक्त तपासलं, इको काढला. ऱ्हुमॅटिक फीवर. हृदयाची एक झडप गळत होती.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला कागदावर टॉन्सिल काढून समजावलं. घशाच्या तोंडाशी बसलेली ही चौकी. स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरला की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन, टीएनएफ अशी रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या फुलतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, घसा लाल होऊन सुजतो. हीच रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत हाक पोचवतात. तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि ताप चढतो. पॅरासिटामॉल त्या प्रोस्टाग्लँडिनला आवरतं, जंतूला काहीही करत नाही. तीन दिवसांच्या पेनिसिलिननं जंतू कमी झाले होते, संपले नव्हते. त्या जंतूचं एक प्रथिन हृदयातल्या प्रथिनांसारखं दिसतं, म्हणून त्याच्याविरुद्ध उठलेलं शरीर स्वतःच्याच झडपेवर चालून जातं. हे मला त्या तिसऱ्या दिवशी माहीत असायला हवं होतं.

म्हणून आयाबायांना सांगते. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, तिला अँटिबायोटिक लागत नाही. मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणू नका. पण 5 ते 15 वर्षांच्या लेकराला एकाएकी ताप आला, गिळताना दुखतंय, गाठी दुखताहेत आणि सर्दी-खोकला मात्र नाही, तर मिठाच्या गुळण्यांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. घसा धरल्यापासून 9 दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तरी ऱ्हुमॅटिक फीवर टळू शकतो. म्हणजे धावपळीला वेळ असतो. औषध अर्धवट सोडायला नसतो. आणि नंतर सांधा सुजलाच, तर आधी घसा धरला होता हे आपणहून सांगा. मी ते तेल चोळताना विसरूनच गेले होते.

आता त्याला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, निदान 10 वर्षं. घसा पुन्हा धरला तर झडपेला पुन्हा इजा होऊ शकते, म्हणून एकही चुकवायचं नाही. दिनदर्शिकेवर मी वर्षभराच्या तारखांना गोल करून ठेवलेत. कुणाच्याही लग्नाची पत्रिका आली की आधी ते गोल बघते.