पुन्हा पहिल्या जोरापासून

(द्वितीय वर्ष, कला)

दुखापत झाल्यावर किती दिवस विश्रांती घ्यावी, हे डॉक्टर सांगतात. पण ती संपल्यावर मनाने पुन्हा तालमीची पायरी कशी चढावी, हे कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

गेल्या वर्षी सरावाच्या कुस्तीत माझा उजवा खांदा निखळला. हात गळ्यात आला आणि तीन महिने व्यायाम बंद पडला. त्यापूर्वी मी रोज दीडशे जोर काढीत असे. पुन्हा सुरुवात करताना डॉक्टरांनी सांगितले, भिंतीला हात टेकून फक्त दहा! शेजारी शाळकरी पोरे जमिनीवर पन्नास-पन्नास जोर काढीत होती. शरमेने मी चार दिवस तालमीकडे फिरकलो नाही. पोलीस भरतीत गोळाफेक असते आणि घरची सारी भिस्त त्या भरतीवर; तरीही पाय उचलेना.

माझी चूक मापाची होती. मी स्वतःला जुन्या दीडशेशी तोलत होतो. वास्तविक एकदा कमावलेले बळ पुन्हा मिळवायला पहिल्याइतका काळ लागत नाही. प्रारंभी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावते म्हणून. मात्र स्नायूबंध आणि सांध्याच्या दोऱ्या स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात. म्हणूनच ‘आता जमते’ असे वाटू लागते, तोच काळ जपण्याचा असतो. स्नायूंचा ठणका काही दिवसांत ओसरतो. सांध्यात कळ आली तर थांबलेच पाहिजे.

मणिपूरच्या मीराबाई चानू यांचे उदाहरण बोलके आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १९६ किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना आशियाई स्पर्धा सोडावी लागली. २०१९ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये त्या परतल्या, तेव्हा उचलले १९२ किलो. म्हणजे स्वतःच्याच आकड्याहून कमी! पण त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत २०१ आणि २०२१ मध्ये टोकियोला २०२ किलो उचलून त्यांनी रौप्यपदक जिंकले. १९२ ची लाज वाटून त्या घरी बसल्या असत्या तर?

हे मी नंतर वाचले. मला तालमीत परत धाडले ते वडिलांनी. ते बाजारात हमाली करतात, शाळा चौथीपर्यंतच. पाचव्या दिवशी ते म्हणाले, “पाठीत उसण भरली होती तवा मी पयल्या दिशी रिकामी पाटी उचलली. लोक हसले. पोत्यापर्यंत पोचलो तवा कुणी हसाया नव्हतं.”

दुसऱ्या दिवसापासून मी एक वही घातली. तीत दीडशेचा आकडा लिहिला नाही. पहिली ओळ ‘भिंत, दहा’ अशी. भिंतीवरून कट्ट्यावर आणि कट्ट्यावरून जमिनीवर यायला अकरा आठवडे लागले. जोडीला एक मित्र घेतला. तो दाराशी येऊन हाक मारतो, त्यामुळे आळसाला सबब उरत नाही. ज्या दिवशी मन खचते, त्या दिवशी वहीचे पहिले पान उघडतो.

आज जमिनीवर साठ जोर निघतात. दीडशे अजून दूर आहेत. पण दहाही आता बरेच मागे पडले आहेत.