बाळाचा दमा : पंपाची भीती नको

हिवाळ्यात बिरसा तालुक्यातील खेड्यांत थंडी, चुलीचा धूर व सर्दी एकत्र आली की दमेकरी बाळाच्या श्वासनलिका आकसतात व छाती वाजू लागते. तरीही डॉक्टरांनी दिलेला पंप वापरण्यास पुष्कळ माता कचरतात. "एकदा लावला की सुटत नाही," असे त्यांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. पंपाचे औषध थेट फुप्फुसांत जाते, म्हणून ते अगदी थोडे पुरते. त्याचे व्यसन लागत नाही.

तान्ह्या मुलाला पंप ओढता येत नाही. त्यास मास्क लावलेला स्पेसर हवा. बाळाला मांडीवर बसवावे, पंप हलवावा, मास्क नाकातोंडावर नीट टेकवावा, एकच फवारा सोडावा व पाचसहा श्वास होऊ द्यावेत.

सालब्युटामॉलचा पंप दम लागल्यावर द्यावयाचा. स्टेरॉइडचा पंप सांगितला असल्यास तो रोज द्यावा व नंतर बाळाचे तोंड पुसावे. बाळ खेळू लागले म्हणून तो आपल्या मनाने बंद करू नये.

बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, बाळ दूध पीत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर पंप देत देत ताबडतोब दवाखाना गाठावा. 108 क्रमांकावर गाडी बोलवावी.

वर्गात विचारावे : आपल्या घरी कोणता पंप कशासाठी आहे, हे आजीलाही ठाऊक आहे काय?