दगड, कागद आणि आठवण : मलकापूरच्या स्मशानभूमीत कुळाचा शोध

माणूस गेल्यानंतर त्याचे काय उरते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला निघाला तर चर्चा आत्म्यापासून सुरू होते. इतिहासाच्या तासाला मात्र याचे उत्तर साधे आहे. कोठेतरी एखादा दगड उरतो, कोठेतरी कागदावर एक ओळ उरते आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी एखादी गोष्ट उरते. या तिन्ही साक्षी अपुऱ्या असतात, आणि तिन्ही कधी ना कधी खोटेही बोलतात. त्या एकमेकींसमोर उभ्या केल्या म्हणजे काय हाती लागते, ते माझ्याच घरच्या उदाहरणावरून सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

आमचे घराणे लिंगायत वाण्यांचे. आमच्यात मृतास अग्नी देत नाहीत. पद्मासनात बसवून, डाव्या हातात इष्टलिंग देऊन, भस्म व बेलाची पाने वाहून त्यास समाधी देतात. दरवर्षी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी माझे आजोबा आमच्या समाजाच्या भूमीत जात, एका उंचवट्यापाशी थांबत आणि नारळ फोडीत. तेथे माझे खापरपणजोबा आहेत, एवढेच ते म्हणत. तेथे दगड नव्हता, नाव नव्हते. मी सहावीत असताना आजोबा गेले. त्यानंतर काही वर्षांनी वडिलांनी तेथे एक साधी पाटी बसवायचे ठरविले आणि आम्ही दोघे गेलो. मधल्या काळात त्या जागेचे सपाटीकरण होऊन गेले होते. उंचवटा कोणता, ते वडिलांना सांगता आले नाही. नारळ हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी कुंपणापाशी तो फोडून आम्ही परत आलो. या लेखाचे मूळ त्या दिवसात आहे.

आपले गाव आणि मोठ्यांचे दगड

नळगंगेच्या काठचे आपले मलकापूर जुने आहे. फारुकी घराण्यातील एका राजाने ते वसविले आणि आपल्या मुलीवरून, म्हणजे 'मलिका'वरून, त्यास नाव दिले, अशी परंपरा गॅझेटियरमध्ये नोंदविली आहे. ऐन-ई-अकबरीत ते नरनाळा सरकारातील एका परगण्याचे ठाणे म्हणून येते. १७६१ साली लूट टाळण्यासाठी रघुनाथराव पेशव्यांच्या फौजेस ६०,००० रुपये देण्याइतके ते संपन्न होते, असेही गॅझेटियर सांगतो. परंतु हे साठ हजार रुपये कोणी कोणी भरले? त्या सावकारांची, विणकरांची, बागवानांची नावे कोठे आहेत? मोठ्यांचा इतिहास ग्रंथांत मिळतो. सामान्यांचा शोधावयाचा तर गावाच्या वेशीबाहेर जावे लागते.

मोठ्यांचे दगड पाहावयास आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवरावांची भव्य समाधी आहे. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची एकाच दिवशी हत्या झाली. जिजाबाईंच्या माहेरावर कोसळलेला हा घाला ती समाधी पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. २०२४ साली याच परिसरात जतनाचे काम चालू असताना जमिनीखालून मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. दगड बोलावयाचा थांबत नाही, हेच यावरून दिसते.

पण दगड फसवूही शकतो. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे, पण जयसिंगांचा मृत्यू १६६७ साली बऱ्हाणपुरास झाला. त्याच बऱ्हाणपुरात तापीपलीकडील झैनाबादेत मुमताजमहलचे दफन १६३१ च्या जूनमध्ये झाले आणि वर्ष संपण्यापूर्वी तिचा देह आग्र्याकडे नेण्यात आला. तेव्हा स्मारक आहे म्हणून माणूस तेथेच आहे, असे धरून चालता येत नाही. हा या अभ्यासातील पहिला धडा होय.

आठवणीची साक्ष

आता माझ्या खापरपणजोबांकडे वळतो. पहिली साक्ष आजीची. ती आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिला विचारले तर ती म्हणाली, "छपन्नाच्या दुष्काळात गेले रे बाबू ते. म्या काई पाह्यलं नाई, सासूबाई सांगे."

छपन्नाचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, अर्थात इ. स. १८९९-१९०० चा. वऱ्हाडात त्या दुष्काळाची आठवण अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते. मी तारीख लिहून घेतली आणि काम झाले असे समजलो. पुढे प्राथमिक शाळेच्या जुन्या दाखल-खारिज रजिस्टरात माझ्या पणजोबांचे नाव सापडले. त्यांचे जन्मसाल तेथे १९०९ लिहिलेले होते. जो मुलगा १९०९ साली जन्मला, त्याचा बाप १९०० साली कसा मेलेला असेल? शाळेतले जन्मसाल मास्तरांनी अदमासाने लिहिण्याची चाल त्या काळी होती, हे मला ठाऊक आहे. पण अदमास एक-दोन वर्षांनी चुकेल, नऊ-दहा वर्षांनी चुकणार नाही. म्हणजे आजीच्या गोष्टीत कोठेतरी दोन आपत्ती एकमेकींत मिसळल्या होत्या.

कागदाची साक्ष

दुसरी साक्ष कागदाची. खेड्यापाड्यांत जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाकडून होत असे, म्हणून विदर्भात त्या वहीस 'कोतवाल बुक' म्हणतात. शहरांतूनही तशाच वह्या राहत. १९६९ च्या कायद्याने आजची नोंदणीपद्धत आली, त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या या वह्या आहेत. काही मोडीत आहेत, काही बाळबोधीत. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक या वह्यांच्या नकला मागतात, पण आपल्या माणसाची मरणतिथी शोधण्यासाठी त्या उघडणारे विरळा.

रीतसर अर्ज करून मी जुनी नोंदवही पाहिली. १९१० पासून एकेक पान उलटत गेलो. काही महिन्यांच्या नोंदी एका पानावर मावत. १९१८ च्या ऑक्टोबरपाशी आलो आणि हात थांबला. पानामागून पान भरलेले होते, अक्षर घाईचे झाले होते आणि रोगाच्या रकान्यात एकच शब्द खाली खाली लिहीत नेला होता : ताप, ताप, ताप.

तो इन्फ्लुएंझा होता. १९१८ च्या जूनमध्ये तो मुंबई बंदरात शिरला आणि सप्टेंबरपासून त्याची दुसरी, अधिक मारक लाट देशभर पसरली. आगगाडीच्या रुळांवरून तो गावोगाव गेला, आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे आपले गाव त्यातून सुटणे शक्यच नव्हते. देशात एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीत दगावली, आणि मध्यप्रांत व वऱ्हाडास तिचा फार मोठा तडाखा बसला.

त्या पानांत खापरपणजोबांच्या नावाचे दोघेजण निघाले. दोघांची जात 'वाणी', दोघांचा रोग 'ताप', आडनाव कोणालाच नाही. फरक होता तो फक्त बापाच्या नावात. आणि येथे आजी पुन्हा मदतीस आली. तिला साल चुकीचे आठवत होते, पण सासूने पाठ करून घेतलेली पाच पिढ्यांची नावे ती आजही न अडखळता म्हणून दाखविते. त्यातले चौथे नाव वहीतल्या एका नोंदीशी जुळले. वय ३५ लिहिले होते. कागदाने आठवण दुरुस्त केली आणि आठवणीने कागदाला अर्थ दिला. मी ते संपूर्ण पान वहीत उतरवून घेतले.

दगडाची साक्ष

तिसरी साक्ष माझ्याकडे नव्हतीच. ती भेटली माझ्या एका वर्गमित्राच्या घराण्यात. त्याला उर्दू वाचता येते, म्हणून थडग्यांवरील लेख कसे वाचावे हे शिकण्यासाठी मी त्याच्याबरोबर कब्रस्तानात गेलो. पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा आणि स्त्रीच्या कबरीवर सपाट तख्ती ठेवण्याची जुनी रीत मला तेथेच कळली. त्याने मला आपल्या खापरपणजोबांचा दगड दाखविला. चुन्याचे थर बसून अक्षरे बुजली होती. सकाळचे तिरपे ऊन आरशाने त्यावर टाकले, तेव्हा महिना व साल उमटले : मुहर्रम १३३७.

हिजरी साल चांद्र असते, म्हणून त्यातून सरळ वजाबाकी करून चालत नाही. स्थूल रीत अशी : हिजरी सालास ०.९७ ने गुणावे व ६२२ मिळवावे. १३३७ ला ०.९७ ने गुणले की १२९६.८९ येतात, त्यात ६२२ मिळविले की १९१८ च्या अखेरीचा काळ येतो. तपशिलात पाहता १३३७ चा मुहर्रम ७ ऑक्टोबर १९१८ च्या सुमारास सुरू झाला होता.

आम्ही दोघेही काही बोललो नाही. मी पिशवीतून उतरवून आणलेले पान काढले. माझ्या खापरपणजोबांच्या खाली आठ ओळींवर एक नाव होते. कारकुनाने ते इतके वेडेवाकडे लिहिले होते की आधी मला ते लागलेच नव्हते. मित्राने ते दगडावरील नावाशी ताडून पाहिले. ते त्याच्याच खापरपणजोबांचे होते. एकाच महिन्यात, एकाच तापाने, एकाच पानावर आमची दोन्ही घरे आली होती, आणि शंभर वर्षांत ते कोणासच ठाऊक नव्हते.

शेजारीच एक तख्तीची कबर आहे. तिच्यावर नाव नाही. ती त्यांच्या पत्नीची असावी, असे मित्राची दादी म्हणते. वहीत तर स्त्रियांच्या नोंदी बहुधा 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढ्यावरच संपतात. दगड आणि कागद दोघेही जेथे गप्प बसतात, तेथे केवळ आजी-दादींचे तोंडच उरते. माझ्या खापरपणजीचे नाव मला आजीकडूनच मिळाले. आता ते आमच्या घरच्या वहीत लिहिलेले आहे.

करावयाचे काम

ज्यांच्या घरी अग्निसंस्कार होतो, त्यांनी आपल्यासाठी येथे काही नाही असे समजू नये. गोसावी व महानुभाव यांच्या समाध्या आहेत, वेशीवरचे वीरगळ आहेत, कोपरात वाकलेला व बांगड्या भरलेला हात कोरलेल्या सतीशिळा आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे आहेत. शक असेल तर त्यात ७८ मिळवावे, पौषापासून फाल्गुनापर्यंत इंग्रजी वर्ष उलटल्यावर ७९ मिळवावे. शेगावच्या गजानन महाराजांची समाधी शके १८३२, भाद्रपद शुद्ध पंचमीची. त्यात ७८ मिळविले की १९१० येते, आणि इंग्रजी तारीख ८ सप्टेंबर १९१० हीच आहे.

इंग्लंडात १९७६ साली दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींची नोंद ठेवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. सात समुद्रापलीकडचे लोक आपल्या पूर्वजांचे दगड येथे येऊन वाचतात, आणि आपण आपल्या गावचे वाचीत नाही.

काम अवघड नाही. प्रथम त्या त्या समाजाच्या विश्वस्तांची व वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी. दगड खरवडू नये, त्यावर आम्ल वा खडू लावू नये. ओले फडके आणि तिरपे ऊन पुरेसे आहे. लेख जसा असेल तसाच, चुकांसह उतरवावा. आपली दुरुस्ती वेगळी लिहावी. जागेचा नकाशा काढून दगडास क्रमांक द्यावा. जेथे दगडच नाही तेथे उंचवट्याचीही नोंद करावी, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून केली ते लिहून ठेवावे. सर्वांत आधी मात्र घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी वही घेऊन बसावे. दगड आणखी पन्नास वर्षे थांबेल, ते माणूस थांबणार नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अशी एक नोंदवही ठेवावी आणि दरवर्षीच्या विद्यार्थ्यांनी तिच्यात भर घालावी, अशी माझी प्राध्यापकवर्गास नम्र सूचना आहे.

आमच्या खापरपणजोबांची जागा काही सापडली नाही, आणि आता ती सापडणारही नाही. परंतु यंदा महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी कुंपणापाशी नारळ फोडला, तेव्हा त्यांनी खापरपणजोबांचे नाव बापाच्या नावासह आणि सालासह उच्चारले, आणि पाठोपाठ खापरपणजींचेही. आजी घरी वाट पाहत होती. आम्ही सांगितले तशी ती म्हणाली, "छपन्नाचा नव्हता तं मग. बरं झालं, लिहून ठेव."