बालकांचे बचत खाते : रचना आणि प्रसार

बालकाच्या नावे खाते उघडले की त्याला बचतीचा धडा मिळाला, असा समज सर्वत्र आढळतो. शिष्यवृत्तीसाठी अनेक विद्यार्थ्यांची खाती उघडली जातात. पण पासबुक घरच्या पेटीत पडून राहते आणि शिल्लक किती, हे खातेदारालाच ठाऊक नसते. अशा खात्यात पैसा सुरक्षित राहतो, सवय मात्र लागत नाही. ज्या खात्याचा व्यवहार मूल स्वतः करते, तेच खाते त्याला शिकविते.

शालेय बचतीची परंपरा

फ्रान्समधील ल मां शहरात १८३४ मध्ये शालेय बचत बँक सुरू झाली. ब्रिटनचे पोस्टमास्टर जनरल हेन्री फॉसेट यांनी १८८० मध्ये एक पेनीच्या तिकिटांद्वारे बचतीची सोय केली. कागदावर बारा तिकिटे चिकटविली की एक शिलिंग पुरा होई आणि तो टपाल बँकेत जमा करता येई. त्यामुळे किमान रकमेची अट गरीब मुलांच्या आड आली नाही. आपल्याकडील ‘संचयिका’ योजनेत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थीच पैसे स्वीकारीत व नोंदी ठेवीत. लहान रक्कम आणि मुलाचा प्रत्यक्ष सहभाग, हेच या प्रयत्नांचे सूत्र होय.

नियमांची चौकट

आईला पालक म्हणून मानून अज्ञानाचे खाते उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्ये दिली. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते उघडून चालविता येईल, असे २०१४ मध्ये स्पष्ट करण्यात आले. एप्रिल २०२५ च्या सुधारित सूचनांतही ही तरतूद कायम आहे. रकमेची मर्यादा व अटी प्रत्येक बँकेने ठरवावयाच्या असतात. एटीएम कार्ड वा धनादेश पुस्तिका देता येते. परंतु शिलकीपेक्षा अधिक रक्कम काढू देता येत नाही.

रचना कशी असावी?

पहिली गोष्ट, किमान शिलकीची अट नसावी किंवा अगदी अल्प असावी. दुसरी, भरणा व उचल यांच्या पावत्या मुलाने स्वतः भराव्यात, त्यावर स्वतः सही करावी आणि पासबुकातील नोंद वाचून पडताळावी. तिसरी, बचतीला नजीकचे उद्दिष्ट असावे. आठवड्याला १० रुपये वाचविले, तर ४० आठवड्यांत ४०० रुपये होतात व दप्तर घेता येते. चौथी, पैसे काढण्याची मोकळीक असावी. कधीच न उघडणाऱ्या डब्यातून मूल खर्चाचा विवेक शिकत नाही. वर्षभर ४०० रुपये शिल्लक राहिली, तर ४ टक्के दराने १६ रुपयेच व्याज मिळते. हा आकडा फळ्यावर मांडावा. व्याजाचे गणित त्याच तासाला समजते.

प्रसाराची दिशा

भेटवस्तूंच्या आमिषाने खात्यांची संख्या वाढेल, पण पहिल्या भरण्यानंतर ती निपचित पडतील. म्हणून उघडलेली खाती न मोजता, वर्षात तीन-चार वेळा व्यवहार झालेली खाती मोजावीत. पालकांना योजनांमधील भेदही स्पष्ट सांगावा. २०१५ मध्ये सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना मुलीच्या भविष्यासाठी उपयुक्त आहे. मात्र ती मुख्यतः पालकांची दीर्घ मुदतीची बचत आहे. मुलीला व्यवहार शिकविणारे खाते निराळे हवे.

ज्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तेथील मुलाला वर्गात सर्वांसमक्ष रक्कम विचारू नये. बचतीची स्पर्धा लावल्यास गरिबीचाच निकाल जाहीर होतो. त्याच्या एका रुपयाच्या नोंदीलाही तेवढाच मान मिळावा.

शिक्षकांनी नोंदवही शिकवावी, बँकेने महिन्यातून एक दिवस शाळेत प्रतिनिधी पाठवावा आणि ग्रामपंचायतीने पालकसभेत हा विषय घ्यावा. स्वतःच्या पासबुकातील चूक दाखवू शकणारे मूल उद्या सावकाराच्या वा ठकाच्या कागदावर न वाचता अंगठा उठविणार नाही. बालबचतीचे खरे व्याज तेच होय.